पार्टीसाठी पेटीने वाइन घेताना: गोव्यातल्या नवख्या यजमानांसाठी

माझ्या नणंदेच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा रायबंदरला त्यांच्या गच्चीवर घरगुती पार्टी केली होती. वाइन आणायचं काम माझ्याकडे होतं. दुकानदार म्हणाला, पेटी उचललीत तर दर उतरवून देतो, आणि मी चव न बघता एकाच प्रकारच्या ड्राय, म्हणजे गोडवा नसलेल्या, रेडच्या बारा बाटल्या घेऊन आले. रात्री भांडी आवरताना ग्लासांत उरलेली वाइन मी एका बादलीत ओतत होते. शेवटी तांब्याने मोजली तर जवळजवळ तीन लिटर भरली. तीन लिटर म्हणजे चार बाटल्या. पेटीचा एक तृतीयांश भाग मोरीत गेला होता.

आता त्याचा हिशोब बघा. समजा बाटली ४५० रुपयांना पडली, तर पेटी ५,४०० ची. पोटात गेल्या आठच बाटल्या, म्हणजे खरा दर पडला ६७५. त्याच पैशांत सगळ्यांना आवडेल अशी वाइन आली असती. तेव्हापासून छापील किंमत मी नंतर बघते, आधी बघते की ही बाटली आपल्या माणसांकडून संपेल का. फोंड्यात राहून गेली काही वर्षं नात्यातले, शेजारपाजारचे छोटे समारंभ मी सांभाळते आहे, आणि पहिल्यांदाच वाइन आणणाऱ्यांचे प्रश्न तेच तेच असतात. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढते.

आधी वही उघडा

दुकानात जायच्या आधी पाहुण्यांची यादी घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे एक खूण करा: वाइन घेणारे, दुसरं काही घेणारे, काहीच न घेणारे. 'माणसं चाळीस, म्हणून वाइन चाळिसांची' हा हिशोब गोव्यात तर अजिबात लागू पडत नाही. इथे बिअर आहे, व्हिस्की आहे, काजूची फेणी आहे, आणि मार्च ते मे असेल तर हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची एकदाच गाळलेली हलकी दारू, असतोच. हुर्राकाच्या दिवसांत लिंबू, मीठ, हिरवी मिरची आणि लिम्का घालून हुर्राक ठेवलात तर वाइनकडे वळणारी माणसं निम्मीच राहतात. त्या महिन्यांत वाइन कमीच आणा.

एक उदाहरण घेऊ. चाळीस पाहुणे. त्यांतली दहा मुलं आणि न पिणारी. उरली तीस. त्यांतले बारा जण बिअर, व्हिस्की, फेणीवाले. वाइनचे राहिले अठरा. संध्याकाळी साडेसातपासून साडेअकरापर्यंत चार तास धरले तर माणशी सरासरी तीन ग्लास पुरतात. काही जण एकावर थांबतात, काही जण पाच घेतात. अठरा गुणिले तीन, चोपन्न ग्लास. एका बाटलीत पाच ग्लास, म्हणजे अकरा बाटल्या. एक हाताशी जास्तीची धरली की बरोबर बारा, एक पेटी. वाइनची नेहमीची बाटली ७५० मिलीची असते आणि पेटीत बारा बसतात. दुपारचं जेवण असेल तर माणशी दोन ग्लास धरा, गोव्याच्या उन्हात दुपारी लोक कमीच पितात.

केक कापताना फेसाळणारी वाइन उघडायची असेल तर ती वेगळी मोजा. शुभेच्छांपुरती १०० मिली पुरते. म्हणजे एका बाटलीत सात जण, तीस जणांना चार ते पाच बाटल्या. ही महाग पडते, त्यामुळे तेवढ्यावरच थांबावं.

पाच ग्लास कसे निघतात ते स्वतः मोजून बघा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण यानेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात. पार्टीत जे ग्लास वापरणार आहात त्यांतला एक घ्या. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं माप किंवा बाळाची दुधाची बाटली घेऊन १५० मिली पाणी मोजा आणि त्या ग्लासात ओता. पाणी कुठपर्यंत येतं ते नीट बघून ठेवा. मोठ्या पोटाच्या वाइन ग्लासात ते जेमतेम तळाच्या फुगीर भागापर्यंत येतं आणि बघणाऱ्याला वाटतं, केवढंसं वाढलं! मग वाढणारा भाचा किंवा पुतण्या प्रेमाने अर्धा ग्लास भरतो, २५० मिली जातात आणि पाचाच्या जागी बाटली तिघांतच संपते. केटररकडून ग्लास भाड्याने घेणार असाल तर एक नमुना आधी मागून घ्या. मी जो वाढणार असतो त्याला बोलावून पाण्यानेच दोन-तीनदा ओतायला लावते. एकदा डोळ्याला माप बसलं की रात्रभर तो बरोबर वाढतो.

कुठली वाइन घ्यावी

पहिला नियम: प्रकार कमी ठेवा. बारा बाटल्यांत सहा प्रकार आणले तर प्रत्येकाला सगळे चाखावेसे वाटतात आणि टेबलावर सहा अर्धवट बाटल्या उभ्या राहतात. दोन प्रकार पुरेत, फार तर तीन.

दुसरी गोष्ट, आपलं जेवण बघा. वाइनवरचे बहुतेक सल्ले चीज आणि भाजलेल्या मांसाभोवती फिरतात. आपल्या ताटात असतं रव्यातलं इसवण (सुरमई), कोळंबीचं सुकं, चिकन शागुती, काफ्रेआल, शेजारच्या घरून आलेलं सोरपोतेल, आणि शाकाहाऱ्यांसाठी कटलेट, मिरचीची भजी, पनीर. या जेवणात तिखट आहे, मसाला आहे, नारळ आहे, व्हिनेगरही आहे.

तिखटाबरोबर जड, तुरट रेड घेतली की तोंड आणखी भाजतं. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचा आणि बियांचा तुरटपणा उतरलेला असतो. जांभळं खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, तसंच. त्यावर शागुतीचा घास घेतला की मिरी-मिरचीचा जाळ दुप्पट लागतो. रायबंदरला माझ्या पेटीचं नेमकं हेच झालं. वाइनमध्ये खोट नव्हती, त्या जेवणाशी तिचं जमत नव्हतं.

म्हणून गोव्यातल्या पार्टीला मी निम्म्या बाटल्या व्हाइटच्या घेते, आणि त्यातही शेनिन ब्लाँ. ही द्राक्षाची जात फ्रान्समधली, पण आता नाशिकच्या मातीत चांगली रुळली आहे. तिची वाइन बरेचदा किंचित गोडसर बनवतात, आणि तो हलका गोडवा तिखटाला शांत करतो. नाशिकच्या सुला कंपनीची शेनिन ब्लाँ गोव्यात जवळजवळ प्रत्येक मोठ्या दुकानात मिळते. पहिल्यांदाच वाइन घेणाऱ्या काकू-मावश्यांपासून जावयापर्यंत सगळ्यांना ती चालते, हे मी दहा पार्ट्यांत तरी पाहिलं असेल. मासे आणि कोळंबीच जास्त असेल, किंवा विंदालू, बालचांव असे व्हिनेगरचे पदार्थ असतील, तर सोविन्यों ब्लाँ घ्या. ती जास्त आंबट आणि तरतरीत असते. लिंबू पिळल्यासारखं काम करते आणि व्हिनेगरपुढे फिकी पडत नाही. मात्र ती ड्राय असते, त्यामुळे नवख्यांपैकी काहींना रुचत नाही.

रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, याला आपल्याकडे उगाचच कमी लेखतात. मला ती गच्चीवरच्या पार्टीसाठी फार आवडते. थंडगार द्यायची, माशालाही चालते, चिकनलाही चालते, आणि रेडच हवी म्हणणाऱ्यांचीही समजूत पटते. झिनफँडेल द्राक्षाची रोझे नाशिकची मिळते.

रेड घ्यायचीच, नाहीतर काही जण नाराज होतात. पण हलकी घ्या. लेबलवर रिझर्व्ह किंवा ओक हे शब्द असले तर बहुधा ती लाकडी पिंपात मुरवलेली, जास्त तुरट आणि महाग असते. तिची जागा चार जणांच्या निवांत जेवणात आहे, पेटीच्या खरेदीत नाही. त्याऐवजी त्याच कंपनीची खालच्या पायरीवरची, शिराझ द्राक्षाची किंवा शिराझ-कॅबर्ने द्राक्षांच्या मिश्रणाची घ्या. सुलाची मदेरा, अकलूजच्या फ्रातेलीची साधी मालिका, बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर झांपाच्या सुरुवातीच्या दरातल्या बाटल्या, या सगळ्या त्या पायरीवरच्या. फ्रातेली या शब्दाचा इटालियन अर्थ भाऊ. २००७ मध्ये अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू अशा तीन घरच्या भावांनी मिळून ती सुरू केली. पाहुण्यांत कुणी सोलापूरकडचं असेल तर ही बाटली टेबलावर मुद्दाम ठेवा, गप्पांना विषय मिळतो.

बारा बाटल्यांची माझी वाटणी साधारण अशी असते: सहा व्हाइट, तीन रोझे, तीन रेड. पाहुण्यांत नेहमी रेड घेणारे जास्त असतील तर रोझेच्या दोन बाटल्या तिकडे वळवा.

गोव्याची पोर्ट वाइन

कोल्हापूर-सांगलीहून येणारे पाहुणे हमखास विचारतात, "पोर्ट वाइन आणली का?" गोव्यात ती सगळ्यात स्वस्त मिळते आणि गोड असते. पण खरी पोर्ट म्हणजे पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली वाइन. तिथल्या मळ्यांची हद्द १७५६ सालीच आखून दिली होती. वाइन अर्धी आंबलेली असताना तिच्यात द्राक्षापासून गाळलेली कडक दारू घालतात, त्यामुळे गोडवा राहतो आणि कडकपणा एकोणीस-वीस टक्क्यांच्या आसपास जातो. इथली पोर्ट त्या गोड चवीची आठवण देणारी स्वस्त वाइन आहे. गोव्यात वाइनच्या द्राक्षांचे मळे नाहीत. माल बाहेरून येतो.

तरीही माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. जेवणानंतर बेबिंकाच्या तुकड्याबरोबर छोट्या ग्लासात थंड दिली तर म्हातारी माणसं आवडीने घेतात. ६० ते ७५ मिलीच वाढायची. चाळीस जणांच्या पार्टीला दोन बाटल्या भरपूर झाल्या. पेटीभर पोर्ट मुख्य वाइन म्हणून ठेवू नका. दुसऱ्या ग्लासानंतर गोडवा अंगावर येतो आणि सकाळी डोकं धरून बसावं लागतं.

स्वस्त परदेशी बाटलीचा मोह

परदेशी लेबल बघितलं की पाहुण्यांवर छाप पडेल असं वाटतं. पण आयात वाइनवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेला करार लागू झाला तेव्हा त्यात सूट मिळाली, तीही तिथल्या ५ डॉलरच्या वरच्या बाटल्यांना. म्हणजे सगळ्यात स्वस्त परदेशी बाटलीत तुमचे बरेचसे पैसे कराचे आणि वाहतुकीचे असतात, आतल्या वाइनचे थोडेच. तेवढ्याच पैशांत नाशिकची किंवा अकलूजची वरच्या पायरीवरची बाटली येते. पेटीने घेताना देशीच घ्या.

तीन बाटल्या आधी आणा, घरच्या जेवणाबरोबर चाखा

पार्टीच्या आठ-दहा दिवस आधी, मनात असलेल्या प्रकारांची एकेकच बाटली आणा. त्या दिवशी घरात पार्टीतला निदान एक तरी पदार्थ करा, शागुती नाहीतर तळलेले मासे. चार-पाच जणांना बोलवा, त्यांत एक तरी माणूस असा असू द्या ज्याने वाइन कधी घेतलेली नाही. आमच्याकडे हे काम माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे असतं, सगळे तिला माई म्हणतात. मी बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळते आणि खडूने एक, दोन, तीन आकडे घालते, म्हणजे किंमत आणि नाव कुणाला दिसत नाही. आधी नुसती वाइन चाखायची, मग घास खाऊन पुन्हा. कोण काय बोलतं त्याकडे मी फारसं लक्ष देत नाही, कारण चांगली म्हणायचं म्हणून सगळेच चांगली म्हणतात. अर्ध्या तासाने कुठली बाटली जास्त रिकामी झाली ते बघते. मागच्या डिसेंबरला तिन्हींतली सगळ्यात महाग बाटली जवळजवळ तशीच राहिली होती आणि मधल्या किमतीची रोझे माईंनीच संपवत आणली होती. मग पेटीत सात बाटल्या रोझेच्या घेतल्या.

तीन बाटल्यांचा हा खर्च वाया गेला असं वाटू देऊ नका. चुकीच्या पेटीपेक्षा तो कितीतरी कमी असतो.

दुकानात

म्हापसा, मडगाव, पणजी, फोंडा अशा गावांतल्या, स्थानिक लोक जिथे घेतात त्या मोठ्या दुकानांत जा. किनाऱ्यालगतच्या पर्यटकांच्या रस्त्यावर घासाघीस कमी चालते. छापील किमतीपेक्षा किती कमी करणार हे सरळ विचारा, गोव्यात त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पेटीवर सूट बहुतेक ठिकाणी मिळते, आणि दोन-तीन प्रकार मिळून बारा होत असतील तरी पेटीचा दर द्याल का, हेही विचारा. "पात्रांव, मिश्र पेटीक कितें करता?" असं कोंकणीत विचारलं तर समोरचा माणूस मोकळेपणाने बोलतो, हा माझा अनुभव.

दरापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे: न उघडलेल्या बाटल्या परत घेणार का? जो दुकानदार हो म्हणेल आणि पावतीवर तसं लिहून देईल, त्याचा दर बाटलीमागे वीस रुपये जास्त असला तरी तिथेच घ्या. मग दोन बाटल्या जास्तीच्या आणायला भीती वाटत नाही. परत द्यायच्या बाटल्या बर्फात घालू नका. लेबल भिजून सुटलं की कुणी घेत नाही.

बाटली कुठून काढून देतात ते डोळ्यांनी बघा. वाइनचे शत्रू दोन, उष्णता आणि ऊन. काचेत, रस्त्याच्या बाजूला, दुपारच्या उन्हात महिनोन् महिने उभी असलेली बाटली कितीही स्वस्त असो, नको म्हणा. बाटली हातात घ्या. बुचावरचं वेष्टण फुगलंय का, बूच वर सरकलंय का, गळ्याशी चिकट ओघळ सुकलाय का? यांतलं एकही दिसलं तर ती तापलेली आहे. व्हाइट उजेडाकडे धरून बघा. फिकट पिवळी किंवा हिरवट हवी. भिजवलेल्या चहासारखी तपकिरी झाक आली असेल तर ती उतरलेली असते. नाशिकला द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. या दरातली व्हाइट आणि रोझे मुरवून ठेवायची नसते, ताजी प्यायची असते. त्यामुळे लेबलवरचं साल बघून चालू किंवा मागच्या सालची घ्या. "जुनी आहे म्हणून चांगली" हे या पायरीवरच्या वाइनला लागू नाही. जुन्या सालाच्या पेटीवर मोठी सूट देत असतील तर कारण तेच असतं.

शक्य असेल तर फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या निवडा. बारा बुचं काढताना हात भरून येतात, एखादं तुटून आत पडतं, आणि घाईच्या वेळी घरातला एकुलता एक कॉर्कस्क्रू नेमका सापडत नाही. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा समज आता सोडून द्यायला हवा.

दारूवर जीएसटी नाही, राज्याचा अबकारी कर आणि व्हॅट असतो. तरीही छापील पावती घ्याच. बाटल्या परत देताना ती लागते.

परवाना आणि हद्द

गोव्यात दारू विकत घ्यायला आणि प्यायला वय २१ पूर्ण हवं. पार्टीत कॉलेजची मुलं असतील तर वाढणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

परवान्याशिवाय एका माणसाने किती बाटल्या जवळ बाळगायच्या याला मर्यादा आहे. पेटीहून जास्त घेणार असाल, किंवा हॉल, लॉन, भाड्याचा बंगला अशा ठिकाणी पार्टी असेल, तर आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात पंधरा दिवस आधी जाऊन विचारा. हॉलवाल्यालाही विचारा की परवाना कुणी काढायचा, त्याने की तुम्ही. हे तोंडी समजून घेऊ नका, बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. समुद्रकिनाऱ्यावर पार्टीचा विचार असेल तर सोडून द्या. किनाऱ्यावर दारू पिण्याला बंदी आहे आणि दंड होतो. फुटलेल्या बाटलीच्या काचेने वाळूत अनवाणी चालणाऱ्यांचे पाय कापतात, हे मी मिरामारला डोळ्यांनी पाहिलं आहे.

तारीख ठरवताना निवडणूक जवळ आहे का ते बघा. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस दुकानं बंद असतात. पंचायतीच्या निवडणुकीतही आदेश निघतात.

आणि महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी: उरलेल्या बाटल्या गाडीत टाकून घरी न्यायचा विचार नको. गोव्यातली बाटली गोव्यात विकण्यासाठीच असते. पत्रादेवीची हद्द ओलांडून बांदा-इन्सुलीला गेलात की महाराष्ट्राच्या राज्य उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते आणि परवान्याशिवाय माल सापडला तर गाडीसकट अडकायला होतं. इथे संपेल तेवढंच घ्या.

घरी आणल्यावर

पार्टीच्या दोन-तीन दिवस आधी आणणं सोयीचं. दुकानातून निघाल्यावर सरळ घरी या. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत पेटी ठेवून भाजी घ्यायला गेलात तर तासाभरात वाइन शिजते, हे मे महिन्यात माझ्याच हातून झालं आहे. सहा बाटल्यांची बुचं वर आली होती. घरात सगळ्यात थंड कोपरा शोधा, म्हणजे पलंगाखाली किंवा आतल्या खोलीच्या कपाटाच्या तळाशी. गॅसजवळ आणि फ्रिजच्या डोक्यावर नको.

थंड करणं

रेड 'रूम टेंपरेचर'ला द्यावी असं सगळीकडे वाचायला मिळतं. ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपल्या खोलीत तीस अंश असतात. तीस अंशांवरची रेड तोंडात नुसती दारूसारखी झोंबते. वाढायच्या आधी तिलाही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. जुन्या पद्धतीचं कुणी नाक मुरडलं तरी ऐकू नका, एक घोट दिला की पटतं. व्हाइट आणि रोझे आठ ते दहा अंशांवर, फेसाळणारी आणखी गार.

बारा बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये बसत नाहीत, तिथे आधीच मासे आणि नारळाचं वाटण असतं. बर्फाच्या कारखान्यातून पंधरा ते वीस किलो बर्फ मागवा आणि प्लास्टिकचा मोठा टब घ्या. नुसत्या बर्फात बाटली उभी केली तर खूप वेळ लागतो, कारण तुकड्यांच्या मध्ये हवा राहते. टबात निम्मा बर्फ घाला, बाटल्यांच्या खांद्यापर्यंत पाणी ओता आणि चार-पाच मुठी जाडं मीठ टाका. बाटल्या अधूनमधून फिरवल्या की वीस-पंचवीस मिनिटांत व्हाइट प्यायला तयार होते. लेबलं सुटतात, म्हणून प्रत्येक बाटलीच्या गळ्याला रंगीत दोरा बांधून ठेवा, पांढरा व्हाइटला, लाल रेडला. पिण्यात घालायचा बर्फ मात्र वेगळ्या भांड्यात ठेवा, टबातला नको.

वाइन कमी पडतेय असं दिसलं तर

रात्री दहाला दोनच बाटल्या उरल्या तर घाबरू नका, सांग्रिया करा. रेडच्या दोन बाटल्या, अर्धा लिटर संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस, एक कप पोर्ट, संत्र्याच्या आणि सफरचंदाच्या फोडी, भरपूर बर्फ आणि शेवटी एक लिटर थंड सोडा. दोन बाटल्यांचे दहा ग्लास होतात, त्यांचे वीस होतात. पोर्टचा गोडवा असल्यामुळे साखर लागत नाही. सोडा आधी घालून ठेवू नका, फेस निघून जातो.

वाढताना

वाइन हलकी असते, व्हिस्कीसारखी चढत नाही, असं समजून लोक पाण्यासारखी पितात. हिशोब करून बघा. १५० मिली, तेरा टक्क्यांची वाइन म्हणजे साडेएकोणीस मिली अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते तेरा मिलीच्या आत असतं. वाइनचा एक ग्लास म्हणजे दीड पेग. हे मी पाहुण्यांच्या घोळक्यात मोकळेपणाने सांगते, विशेषतः तरुण मुलांना.

म्हणून वाइनइतकंच पाणी टेबलावर हवं, काचेच्या जगमध्ये, भरलेलं, हाताशी. न पिणाऱ्यांसाठी कोकम सोडा आणि लिंबू सरबत त्याच ग्लासात द्या, म्हणजे कुणाला वेगळं पाडल्यासारखं वाटत नाही. आणि गाडी चालवणारे कोण आहेत ते सुरुवातीलाच विचारा. रक्तात दर १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. पहिल्याच वेळेला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गोव्यात रात्री टॅक्सी मिळायला वेळ लागतो, आयत्या वेळी तर मिळतच नाही. पार्टीच्या खर्चात दोन टॅक्सींचे पैसे आधीच धरून त्या सांगून ठेवल्या तर रात्री कुणाचा जीव टांगणीला लागत नाही. मी पेटीतली एक बाटली कमी करते, पण टॅक्सी कमी करत नाही.

बाटल्या एकदम सगळ्या उघडू नका. तीन उघड्या, बाकी टबात. मोकळ्या झाल्या की पुढच्या.

दुसऱ्या दिवशी

उघडलेली व्हाइट किंवा रोझे झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, रेडही तेवढीच. फेसाळणारी त्याच रात्री संपवा. उरलेली रेड मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. महिनाभर रस्सा करताना दोन खडे टाकले की चिकनला छान आंबूस चव येते. वास ओल्या पुठ्ठ्यासारखा येत असेल तर मात्र फेकून द्या, ती बुचातून बिघडलेली असते, स्वयंपाकातही चालत नाही.

बाटल्या भंगारवाल्याला द्यायच्या आधी ओट्यावर रांगेत उभ्या करा. कुठल्या दोऱ्याच्या किती रिकाम्या झाल्या, कुठल्या अर्ध्या उरल्या, ते पाहुण्यांच्या त्याच यादीखाली लिहून ठेवा. माझ्या वहीत रायबंदरच्या पानावर 'रेड १२, उरली ४' असं आहे, आणि मागच्या डिसेंबरच्या पानावर 'रोझे ७, उरली ०'.